आप्पांचा डिसमिस

धुडकूआप्पा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते माझ्या मिक्सरसाठी. सुरतेच्या लिंबायतमध्ये बिऱ्हाड थाटून आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. यवतमाळहून आणलेला माझा मिक्सर चालू केला की खरखरायचा. भिंतीपलीकडच्या काकूंनी तो आवाज ऐकला आणि नवऱ्याला पाठवून दिलं. दारात काटकुळा, पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उभा होता. हातात लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर. काय बिघडलंय हे त्यांनी विचारलंच नाही. मिक्सर सुरू करा असं हाताने खुणावलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मिक्सरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टर छाती तपासतात तसं ते चाललं होतं, फक्त या डॉक्टरच्या चेहऱ्यावर पेशंटची काळजी जरा जास्त होती.

"देखा बाई," डोळे उघडून ते म्हणाले, "वरला आवाज समदासले आयकू येस. त्याना खालना आवाज आयकाले पाहिजे." वरची खरखर ही नुसती भांड्याची होती म्हणे, तिच्याखाली एक घुरघुर होती आणि दुखणं तिथं होतं. अर्ध्या तासात त्यांनी आतला झिजलेला बुश बदलला. चहा घेतला, बशीत ओतून, आणि गेले. पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की वर्गात पोरांना धडा समजावताना एकदा माझ्याच तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या भेटीत माझी फजिती झाली. आप्पा स्टुलावर चढून आमचा पंखा उघडत होते. वरूनच हात पुढे करून म्हणाले, "बाई, डिसमिस द्या." मी घाबरून विचारलं, "कोणाला डिसमिस केलं, आप्पा?" ते स्टुलावरून पडायचेच बाकी होते, इतके हसले. अख्ख्या सुरतेत स्क्रू-ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात हे मला नव्याने आलेलीला कोण सांगणार? मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते हे कळल्यावर तर त्यांच्या उत्साहाला ऊत आला. गल्लीत जो भेटेल त्याला ते सांगायचे, "आमनी भिंतले दोन बाजूले दोन मास्तर शेतस. एक खडूवाली, एक डिसमिसवाला."

ते मास्तर होते लूमच्या खात्यातले. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि तिथले माग दुरुस्त करणारा तो मास्तर. पारोळ्याजवळच्या गावातून आप्पा मिसरूड फुटायच्या आत इथे आले आणि पस्तीसेक वर्षं त्यांनी मागांच्या मधोमध काढली. मी एकदाच त्यांचं खातं आतून पाहिलं. दाराशीच माझे कान बधिर झाले. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळा व्यवहार ओठांवर आणि हातांवर चालतो. दोन बोटं झटकून खाली केली की धागा तुटला. उपडा तळवा दाखवला की माग बंद कर. काकूंनीही तरुणपणी त्याच खात्यात धाग्याच्या कांड्या भरल्या होत्या, त्यामुळे घरीदेखील त्या दोघांचं निम्मं बोलणं खुणांनी चालायचं. मला ते फार गोड वाटायचं. मी यजमानांना सांगायची, बघा, किती समजूत आहे दोघांत, नाहीतर आपण.

एके दिवशी आप्पा दुपारीच घरी आले. रुमालात गुंडाळलेला डिसमिस सोडला तर हातात काही नव्हतं. मी शाळेतून परतत होते. ओट्यावर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं की सेठने नवी मशीनं आणली. "त्या मशीनले डोकं शे, बाई. कोठे दुखस ते तेच पडदावर लिखी देस. मंग मास्तरनं काय काम?" मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "आते खरोखर डिसमिस." त्यांना वाटलं मी हसेन. मला हसू आलं नाही. मी पाण्याचा तांब्या आणून दिला, एवढंच.

पंधरा दिवस ते नुसते ओट्यावर बसले. मग एका रविवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, खाडीकडच्या मोकळ्या जागेत, एका ट्रकने दोरीने ओढत एक काळी-पिवळी आणून सोडली. खानदेशात गावोगाव माणसं कोंबून नेणारी ती डिझेलची जुनी गाडी. आप्पांचा धाकटा भाऊ वना ती चालवायचा. इंजिन जाम झालं, वनाने हात टेकले, आणि गाडी गोठ्याशेजारी धूळ खात पडली होती. आप्पांनी ती मागवून घेतली. इंजिन सगळं उघडून नव्यासारखं करायचं, काकूंना पुढच्या सीटवर बसवायचं आणि गाडी स्वतः चालवत गावात न्यायची, असा बेत ठरला. "गावले समजू दे, मास्तरना कान अजून शाबूत शे," असं ते म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा सहज ऐकून सोडून दिलं.

ओटा म्हणजे आता कारखाना झाला. चेनपुलीने इंजिन बाहेर काढलं, जुन्या मागाच्या लोखंडी अँगलांचा घोडा करून त्यावर ठेवलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं एकेक काढून काकूंच्या पापडांच्या चादरीवर मांडलं. डिझेलमध्ये धुतलेले नटबोल्ट परातीत वाळत पडायचे आणि काकू कणीक भिजवायला परात शोधत माझ्याकडे यायच्या. क्रँक उधन्याच्या एका लेथवाल्याकडून घासून आणला. आप्पांनी आयुष्यात माग सोडून दुसरं यंत्र असं मुळापासून उघडलं नव्हतं, पण हात बिचकत नव्हते. मी शाळेतून आले की ते मला समोर बसवून दिवसभरात काय झालं ते सांगायचे. समोरच बसवायचे. मी स्वयंपाकघरातून आवाज दिला तर उत्तर यायचं नाही, मला वाटायचं कामात गर्क आहेत.

सगळ्यात जीव त्यांचा टर्बोवर. तो काय असतो हे मला त्यांनीच शिकवलं. "इंजिन धूर फेकी देस ना, तो वाया जास. टर्बो त्याच धूरवर पंखा फिरावस आनि दुसरी बाजूथीन इंजिनना तोंडमा हवा कोंबस." हवा प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून त्याला एक लहानशी खिडकी असते, ती एका दांडीने उघडते. दांडीचे आटे फिरवून आखूड केली की खिडकी उशिरा उघडते आणि हवा वाढते. फारच वाढली तर इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उडतं. हे सगळं मला आजही पाठ आहे, आणि पाठ नसतं तर बरं झालं असतं असं पुष्कळदा वाटतं. वनाने फोनवरून भावाला एकच खूण सांगून ठेवली होती. टर्बो बरोबर बसला की गाडी शिट्टी मारते. बारीक, लांबलचक, चढाला लागली की वाढत जाणारी. "शिट्टी उनी का?" एवढंच तो दर आठवड्याला काकूंना फोनवर विचारायचा, आणि काकू ते नवऱ्याला खुणेने विचारायच्या.

मधेच कुकरचं प्रकरण घडलं. काकू भाजीला गेल्या होत्या. जाताना आप्पांना बजावून गेल्या की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी भिंतीअलीकडे वह्या तपासत होते. अकरा शिट्ट्या मोजल्या. म्हटलं आज हरभरे दिसतात. मग करपल्याचा वास आला तशी धावले. आप्पा शेगडीपासून दोन हातांवर बसून एका व्हॉल्व्हला पॉलिश पेपर घासत होते. मी गॅस बंद केला तेव्हा त्यांनी दचकून वर पाहिलं. नंतर त्यांनी निकाल दिला की कुकरची शिट्टी तुंबली आहे. सुईने भोक साफ केलं, वजन धुतलं, आणि काकू आल्यावर दुरुस्ती केल्याचं सांगितलं. काकूंनी एकदा करपलेली डाळ पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाव, कालदिनपासूनच बिघडेल व्हती." काकू खोटं बोलतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. पण का, ते माझ्या लक्षात आलं नाही.

पाचव्या की सहाव्या महिन्यात इंजिन गाडीत चढलं. पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी आप्पांनी आंघोळ करून नारळ फोडला. आधी डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवलं, टर्बोपर्यंत ऑइल पोचू दिलं, मगच डिझेल सोडलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. काळा धूर निघाला, पांढरा झाला, विरून गेला. आप्पांनी डिसमिस इंजिनला टेकवला, मूठ कानामागे धरली. चेहरा असा उजळला की मला माझ्या वर्गातली पहिली वाचायला लागलेली पोर आठवली. मग त्यांनी हातानेच रेस दिली. आणि शिट्टी आली. पात्याच्या धारेसारखी बारीक, इंजिनच्या धडधडीवरून तरंगत जाणारी. नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. मी टाळ्या वाजवल्या.

आप्पांनी रेस सोडली. पुन्हा दिली. डिसमिस टर्बोवर टेकवला, तिकडून या बाजूला, या बाजूकडून त्या बाजूला. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. "इंजिन बोली ऱ्हायनं," ते म्हणाले, "पन टर्बो मुका शे." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "बाई, शिट्टी वाजस का?" मी म्हटलं, "वाजते ना, आप्पा. मस्त वाजते." त्यांनी मान हलवली. "माले खुश कराले सांगू नका. तुम्ही ते समदासलेच पास करतस."

हा माझ्यावरचा जुना वार होता. आमच्या शाळेत खालच्या वर्गांत कोणाला नापास करायचं नसतं, आणि मी तर वरच्यांनाही ढकलते अशी माझी ख्याती. गल्लीत सगळ्यांना माहीत. त्या ख्यातीची मला तोवर कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी मात्र माझी साक्ष फुकट गेली ती तिच्यामुळेच. मी काकूंकडे वळले, त्या तरी सांगतील म्हणून. काकू खाली बघत होत्या. आणि मला कुकर आठवला.

दुसऱ्या दिवशी आप्पा बाजारात गेले तेव्हा मी काकूंना सरळ विचारलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. खूप वर्षं झाली होती म्हणे. धडधड, खडखड, ठोका, हे आप्पांना अजून कळायचं. बारीक आवाज गेले होते. पाखरं गेली, फोनची घंटी गेली, नातीचं रडणं गेलं. खात्यात सगळेच ओठ वाचतात, त्यामुळे कोणाला कळलं नाही, आप्पांना स्वतःलाही नाही. घरी काकू सांभाळून घेत होत्या. शेवटी खात्यात एक माग आतून किरकिरत राहिला, आप्पांनी तो ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि तो मोडला. सेठने त्यांना नव्या मशीनचं कारण दिलं. खरं कारण त्याने काकूंना बोलावून सांगितलं, कारण मास्तरांच्या तोंडावर सांगायची त्याची हिंमत झाली नाही. "त्यासले सांगू नका, बाई," काकू म्हणाल्या. "त्यासना कान म्हणजे त्यासनं समदं." त्यांनी माझा हात धरला होता. मी शब्द दिला. द्यायला नको होता, हे तेव्हाही आत कुठेतरी कळत होतं.

पुढचे दोन महिने मी जे पाहिलं ते कोणावर येऊ नये. आप्पांनी टर्बो चार वेळा उतरवला. काहीही बिघडलेलं नसताना पूर्ण उघडला, पंख्याचा दांडा बोटांत धरून सैल तर नाही ना ते तपासलं, पाती मऊ ब्रशने पुसली, हवेच्या नळीचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने बघितला. चारही वेळा काही सापडलं नाही. चारही वेळा मी सांगितलं की वाजते. गाडी छान ओढत होती, पण ती ओढ नव्या रिंगांची आहे असं ते म्हणायचे. मी एक पळवाट शोधली. स्पेअरच्या दुकानदाराला विचारून आले आणि म्हटलं, "आप्पा, हवेचं प्रेशर दाखवणारं मीटर मिळतं म्हणे, लावून बघू या का?" काट्याला तरी पास करणारी बाई म्हणून हिणवता येणार नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही बी पडदाच लावतस का, बाई?" ते म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीटरचा विषय तिथेच मिटला.

मग त्यांनी दांडीला हात घातला. "हवा कमी पडी ऱ्हायनी, म्हनीसन शिट्टी येत नही," हा त्यांचा निदानाचा शेवट. दर रविवारी दोन आटे. मी ओट्यावर बसून त्यांचा मनगटातला तो हलका झटका बघत राहायची. त्याचा शेवट काय हे त्यांनीच मला शिकवलेलं होतं. गाडीची शिट्टी आता किंकाळी व्हायला लागली होती. गल्लीतले लोक दारं लावून घ्यायचे. मी दोनदा ठरवून गेले की आज सांगायचंच. पहिल्यांदा ते वनाच्या फोनची वाट बघत होते. दुसऱ्यांदा मी तोंड उघडलं आणि ते माझ्या ओठांकडे इतक्या विश्वासाने बघायला लागले की मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

हिवाळ्यातल्या एका रविवारी त्यांनी शेवटची चाचणी ठरवली. भरलेल्या गाडीशिवाय टर्बो खरा बोलत नाही असं वनाने सांगितलं होतं, म्हणून मागे वाळूच्या गोण्या भरल्या. पुढे खिडकीशी काकू, मधे मी, चालवायला आप्पा. रस्ता गावाकडचाच धरला, बारडोलीपर्यंत जाऊन परत यायचं. कडोदरा येईपर्यंत आप्पा गप्पा मारत होते. गावात शिरताना हॉर्न वाजवायचा की नाही यावर त्यांचं आणि काकूंचं खुणांनी भांडण चाललं होतं आणि दोघं मधल्या मला पंच नेमत होते. मी हसतसुद्धा होते. चलथाणजवळ मळीचा वास यायला लागला. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ती ओलांडून गाडी पुलाच्या चढाला लागली आणि आप्पांनी पाय दाबला.

तो आवाज मला शब्दांत सांगता येत नाही. समोरच्या पत्र्यातून निघून तो सरळ माझ्या दातांत शिरला. ट्रॅक्टरवरचे लोक वळून बघायला लागले. काकू समोर बघत ताठ बसून होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्यासमोर एकदाही कान झाकले नव्हते. मी झाकले. ठरवून नाही, हात आपोआप वर गेले. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आप्पा रस्त्याकडे बघत नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

मी हात खाली घेतले, पण आता त्याला उशीर झाला होता. त्याच क्षणी खाली काहीतरी फट्ट झालं, पांढरी वाफ काचेवर आली, गाडीचा दम गेला. आप्पांनी ती हळूच पुलाच्या उतारावर कडेला घेतली. इंजिन बंद केलं. बॉनेट उघडायला ते उतरले नाहीत. रेडिएटरमधून पाणी गळत होतं, उसाच्या गाड्या एकामागून एक बाजूने जात होत्या, आणि आम्ही तिघं ओळीने बसून होतो.

"वाजी ऱ्हायंती का, बाई?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"कव्हयपासून?"

"पहिल्या दिवसापासून, आप्पा."

ते रागावले असते तर मला फार बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यावरून काकूंकडे पाहिलं. काकू रडत होत्या, म्हणजे त्यांना दुसरं काही विचारायची गरज राहिली नव्हती. आप्पांनी हात वर केला आणि दोन बोटं झटकून खाली केली. धागा तुटला. मग तो हात स्टिअरिंगवर परत ठेवला. एखादी नवी गोष्ट शिकायची आहे अशा स्वरात त्यांनी मला विचारलं, "कशी वाजस?"

मी मराठीची मास्तरीण. वीस वर्षं मुलांना समानार्थी शब्द शिकवले. मी म्हटलं, बारीक. म्हटलं, लांब. म्हटलं, ताटावरून चमचा ओढल्यासारखी, पण तशी नाही, गोड. ते माझे ओठ बघत होते आणि माझ्या ओठांवर त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. काकूंनी पदराने काचेवरची वाफ पुसायला सुरुवात केली, आतून, जिथे ती नव्हतीच.

त्यानंतर मीच त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, ती बरी होती, उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, खड्ड्यात उतरली होती. आप्पांनी तो कागद चष्मा वर करून खूप वेळ पाहिला आणि विचारलं, "उघाडीसन साफ नही करता येस का?" मी डॉक्टरला हिंदीत सांगितलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, त्याने नाही म्हणून सांगितलं. आतली नस गेली की ती परत येत नाही. कानाचं यंत्र मिळालं, ते त्यांनी आठवडाभर लावलं. सगळं पत्र्याच्या डब्यातून येतं म्हणाले, आणि ते यंत्र नटबोल्टांच्या डब्यात ठेवून दिलं.

गाडीचं फक्त हेडचं पॅकिंग गेलं होतं. आप्पांना ते दोन दिवसांचं काम, डोळे मिटून करण्यासारखं. त्यांनी हात लावला नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, पॅकिंग बसवून टाका, तर म्हणाले, "बठाडी दिसू. मंग बरोबर बठनं का नही, ते कोनले इचारू?" माझ्याकडे बघून नाही, असंच परातीकडे बघून म्हणाले. मला विचारा असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दोन महिने ते मलाच विचारत होते आणि मी खरं सांगूनही खरी ठरले नव्हते. आणि जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं.

शेवटी वना आला. त्याने गॅरेजवाला बोलावून एका दुपारी पॅकिंग बदललं, मीटर लावून दांडी होती तिथे आणून ठेवली. आप्पा आणि काकू गावी कायमचे निघाले. चालवायला वना, पुढे काकू, आणि आप्पा खिडकीशी. गावात स्वतः गाडी नेण्याचा विषय कोणी काढला नाही. निघताना त्यांनी रुमालात गुंडाळलेला डिसमिस माझ्या हातात दिला. "खडूवाली मास्तरले," एवढंच म्हणाले. मला नको होता तो. नको म्हणताही आलं नाही. गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी वनाने जरा रेस दिली. आप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. वाजते. या वेळी त्यांनी माझं खरं मानलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मला सोसलं नाही. मी घरात येऊन दार लावून घेतलं.

आता कधीमधी व्हिडिओ कॉल येतो. आवाजाचा त्यांना उपयोग नाही, पण ओठ दिसतात. गेल्या महिन्यात मी म्हटलं, फ्रीज फार आवाज करतो आहे हल्ली. त्यांनी लगेच हाताने खूण केली, डिसमिस आणा. मी फोन डब्याला टेकवून उभा केला, डिसमिसचं टोक फ्रीजच्या पाठीला लावलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले. "काय बोलस?" त्यांनी विचारलं. मी डोळे उघडून, ओठ नीट हलवत सांगितलं, "घूं घूं करतोय." ते म्हणाले, "आनि त्याना खाले?"

मी पुन्हा कान लावला. बराच वेळ लावला. खाली होतं काहीतरी, बारीक, अडखळत येणारं, स्पष्ट ऐकू येत होतं. पलीकडे पडद्यावर आप्पा माझ्या ओठांकडे डोळे लावून बसले होते.

"आहे, आप्पा," मी म्हटलं. "खाली आहे काहीतरी. पण मला सांगता येत नाही."